जन्म माहेरी झाला, तर नोंद कुठे करायची?

प्रश्न : माझा मुलगा जानेवारी 2024 मध्ये माझ्या माहेरी, घरीच जन्मला. नोंद राहून गेली. आम्ही शहरात राहतो, पण इथल्या महापालिकेने अर्जच घेतला नाही. आता काय करावे?

उत्तर : महापालिकेचे बरोबर आहे. बाळ जिथे जन्मले तिथेच नोंद होते. आईवडील कुठे राहतात याचा संबंध नाही. तेव्हा माहेरच्या ग्रामपंचायतीत जा.

आधी जुनी नोंद शोधायला सांगा. गावातल्या आशाताईंनी किंवा आरोग्यसेविकेने जन्म कळवलेला असू शकतो. आईच्या माहेरच्या आडनावानेही शोधून घ्या, आणि मागचे-पुढचे महिनेही पाहायला लावा. तरीही सापडली नाही, तर नमुना 10, म्हणजे अनुपलब्धता प्रमाणपत्र, मागा. ते जन्मगावचेच हवे; शहरातले उपयोगी पडत नाही.

जन्म 21 दिवसांत कळवायचा असतो. 30 दिवसांपर्यंत विलंब शुल्कावर भागते, वर्षाच्या आत जिल्हा निबंधकांची, म्हणजे जन्म-मृत्यू नोंदणीच्या जिल्हा अधिकाऱ्यांची, लेखी परवानगी लागते. तुमचे वर्ष उलटले आहे, म्हणून जिल्हा दंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा अधिकार दिलेले कार्यकारी दंडाधिकारी यांचा आदेश हवा. पूर्वी हे काम प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे होते. 1 ऑक्टोबर 2023 पासून कायदा बदलला. कोणी अजून कोर्टाचा रस्ता दाखवला, तर आधी तहसील कार्यालयात चौकशी करा.

आदेशासाठीच्या अर्जाला माता-बाल संरक्षण कार्ड, लसीकरणाची आणि अंगणवाडीची नोंद जोडा. बहुतेक प्रकरणे अडतात ती तारखांमुळे: कार्डावर एक, अंगणवाडीत दुसरी. अर्जात तारीख लिहिण्यापूर्वी सगळे कागद शेजारी ठेवून ताडून पाहा आणि जन्माच्या वेळी लिहिलेला कागद मुख्य धरा. आधारवरची तारीख जन्माचा पुरावा ठरत नाही. आदेश मिळाला की तो नमुना 1, म्हणजे जन्म कळवण्याचा अर्ज, यासोबत गावच्या निबंधकांना (नोंद करणाऱ्या अधिकाऱ्यांना) द्या. नोंद झाल्यावर 7 दिवसांत पहिला दाखला मोफत मिळायला हवा.

हे लांबवू नका. 1 ऑक्टोबर 2023 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना शाळाप्रवेश, पासपोर्ट, मतदारयादी, सरकारी नोकरी यांसाठी जन्मतारीख आणि जन्मस्थळाचा पुरावा म्हणून हाच दाखला लागणार आहे.

प्रश्न : मुलीच्या दाखल्यात नावाची जागा कोरी आहे. ती चार वर्षांची आहे.

उत्तर : नोंद झालेली आहे, फक्त नाव भरायचे आहे. पहिले 12 महिने ते विनाशुल्क भरता येते, त्यानंतर 15 वर्षांपर्यंत शुल्क भरून. मात्र नाव मराठी आणि इंग्रजी दोन्ही लिप्यांत घरी कागदावर नक्की करूनच जा. एकदा नोंदवलेल्या नावातली चूक दुरुस्त होते. आवडले नाही म्हणून वेगळे नाव घालता येत नाही. आणि दुरुस्तीही खाडाखोड करून होत नाही. मूळ नोंद तशीच राहते, समासात सही-तारखेसह बदल लिहितात.

प्रश्न : मी अविवाहित आई आहे. वडिलांच्या नावाशिवाय दाखला देणार नाही, असे सांगतात.

उत्तर : असे अडवता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्ये स्पष्ट सांगितले आहे की, अशा आईकडून फक्त प्रतिज्ञापत्र घ्यावे आणि दाखला द्यावा. अर्ज आवक-जावक नोंदीत टाकून पोच घ्या आणि नकार लेखी मागा. निबंधकांच्या निर्णयावर 30 दिवसांत जिल्हा निबंधकांकडे अपील करता येते आणि त्यांनी ते 90 दिवसांत निकाली काढायचे असते. तोंडी नकार ऐकून परत येऊ नका.