खिडकी तिरकी नको, सताड उघडा

प्रश्न : ताई, आम्ही म्युनिकला तिहेरी काचांच्या नव्या फ्लॅटमध्ये राहतो. दिवसभर खिडकी तिरकी, म्हणजे वरून थोडी आत कललेली, उघडी असते, तरी कपाटामागे काळी बुरशी आली आहे. सकाळी डोकं जड असतं. काय करू?

उत्तर : ती तिरकी खिडकी आधी बंद करा. त्या फटीतून हवा हळूहळू बदलते, भिंत मात्र गारठते आणि घरातला दमटपणा तिथेच पाणी धरतो. जुन्या घरांना फटी असत. तुमच्याकडे कुकरची वाफ, अंघोळ, वाळत घातलेले कपडे, सगळं आतच राहतं. कोळशाच्या फिल्टरची चिमणी फोडणीचा वास ओढते, वाफ पुन्हा घरातच सोडते. म्हणून स्वयंपाकानंतर, सकाळी उठल्यावर आणि झोपण्याआधी समोरासमोरच्या खिडक्या सताड उघडा. हिवाळ्यात पाच मिनिटं पुरतात. तेवढा वेळ हीटर बंद. कपाट चार बोटं पुढे ओढा. बुरशी पसरत असेल तर घरमालकाला लेखी कळवा.

डोकं जड होण्यामागे कोंदट हवा असू शकते. तुमच्याच शहरातले आरोग्यशास्त्रज्ञ माक्स फॉन पेटेनकोफर यांनी १८५८ मध्ये खोलीतल्या कार्बन डायऑक्साइडची मर्यादा हजारात एक भाग सांगितली. दोघं झोपलेल्या बंद खोलीत ती रात्रीतून सहज ओलांडली जाते. बेडरूमचं दार उघडं ठेवून झोपा.