पॅलेस्टिनी विस्थापनाच्या आठवणींनी अरब राजकीय विचार कसा घडवला?

माझ्या मते, या आठवणींनी अरबांना इस्रायलइतकंच स्वतःलाही जाब विचारायला लावलं. १९४८ च्या नकबात (अरबीत ‘महासंकट’; इस्रायलच्या स्थापनेवेळचं पॅलेस्टिनींचं विस्थापन) सुमारे ७ लाख पॅलेस्टिनी बेघर झाले. त्याच वर्षी बैरुतच्या अमेरिकन विद्यापीठातले सीरियन इतिहासकार कॉन्स्टंटिन झुरेक यांनी नकबावर छोटं पुस्तक लिहिलं. सूर रडगाण्याचा नव्हता. सात अरब देश युद्ध पुकारतात आणि हात हलवत परत येतात, म्हणजे खोट आपल्याच समाजात आहे, असं त्यांनी सुनावलं.

त्याच विद्यापीठात वैद्यक शिकणारे जॉर्ज हबश मूळचे पॅलेस्टाईनमधल्या लिद्द शहराचे. जुलै १९४८ मध्ये तिथल्या लोकांना रणरणत्या उन्हात पायी हाकललं गेलं, त्यात तेही होते. पुढे त्यांनी साथीदारांसह अरब राष्ट्रवादी चळवळ उभारली. आधी अरब ऐक्य, मग पॅलेस्टाईनची मुक्ती, असा तिचा हिशोब. १९६७ च्या युद्धात इस्रायलकडून झालेल्या पराभवाने तो कोलमडला. हबश मार्क्सवादाकडे वळले, आणि इजिप्तचे अध्यक्ष नासर यांच्यावरची भिस्त संपून पॅलेस्टिनींनी सूत्रं स्वतःच्या हाती घेतली.

सत्ताधाऱ्यांनी मात्र या दुःखाचं भांडवलच जास्त केलं. सीरियात १९६३ ते २०११ आणीबाणी होती, सबब इस्रायलशी युद्धाची. आणि लेबनॉनमध्ये पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या पॅलेस्टिनी निर्वासिताला आजही डॉक्टरकी किंवा वकिली करता येत नाही!