लाइन, प्रोबेट आणि 'पेपर'

तुम्ही विचारलंय, अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या फ्रॅटर्निटीत (म्हणजे ग्रीक अक्षरांचं नाव घेतलेल्या कॉलेजातल्या बंधुसंघटनेत) शिरताना काय करतात आणि ते आपल्या रॅगिंगसारखंच असतं का.

मूळ दीक्षाविधी गुप्त असतो, आतला माणूस तोंड उघडत नाही. एमएसला असताना मी पाहिला तो 'प्रोबेट', म्हणजे नवे सभासद सगळ्यांसमोर आणायचा कार्यक्रम. लायब्ररीसमोर ही गर्दी! आठ जण एकामागे एक, अगदी चिकटून, बुटक्यापासून उंचापर्यंत, तोंडावर मुखवटे, एका ठेक्यात पाय आपटत आले. मग संस्थापकांची नावं, स्थापनेची तारीख, ग्रीक मुळाक्षरं, सगळं घडाघडा. आपण पाढे म्हणायचो तसंच, फक्त बेंबीच्या देठापासून. मुखवटे निघाले तर चौथा माझा लॅब पार्टनर! महिनाभर प्रयोगशाळेत पेंगायचा. मला वाटायचं, रात्रपाळी करतो.

या रांगेला 'लाइन' म्हणतात. पहिला 'एस', शेवटचा 'टेल', आणि आपला क्रमांक पुढे जॅकेटवर मिरवायचा. सोबतचे 'लाइन ब्रदर' जन्माचे.

हे सगळं उभं राहिलं ते गोऱ्यांच्या फ्रॅटर्निटींची दारं बंद होती म्हणून. १९०६ साली कॉर्नेल विद्यापीठात अल्फा फाय अल्फा निघाली; मार्टिन ल्यूथर किंग तिचेच. आज अशा नऊ संघटना आहेत, त्यांना 'डिव्हाइन नाइन' म्हणतात. त्यातल्याच ओमेगा साय फायचे काही जण तर कातडीवर तापलेल्या लोखंडाने ओमेगा डागून घेतात. नियमात नाही, हौसेनं. मायकेल जॉर्डनच्या छातीवर आहे.

आता रॅगिंगचं. १९८९ मध्ये अटलांटाच्या मोरहाउस कॉलेजात एका मुलाचा यात जीव गेला आणि १९९० मध्ये या संघटनांनी जुनी 'प्लेजिंग' पद्धत, म्हणजे सभासद होण्याआधीची उमेदवारी, बंद केली. अर्ज, मुलाखत, थोडं प्रशिक्षण, झालं. कागदावर. पण नुसत्या अर्जावर आलेल्याला बाकीचे 'पेपर' म्हणून हिणवतात, आणि माझ्या मते खरी मेख तिथेच आहे. पोरं स्वतःहून मार खायला जातात, तेही चोरून. १९९४ मध्ये मिसुरीत एक विद्यार्थी अशाच मारहाणीत गेला. आपल्याकडे ज्युनिअर रॅगिंग टाळायला बघतो; इथे टाळलं तर कमीपणा.

लॅब पार्टनरला मी नंतर विचारलं, त्या महिन्यात काय काय झालं रे? हसला, आणि रिपोर्टची तारीख विचारायला लागला.