उत्पन्न वाढलं की विमा वाढतो?

प्रश्न : देशाचं दरडोई उत्पन्न दुप्पट झालं, तर आयुर्विम्याची मागणीही दुप्पट होते का?

सरळ दुप्पट क्वचितच. हातातोंडाची गाठ पडणं मुश्किल असतं तिथे विम्याचा विचारच होत नाही. उत्पन्न मधल्या टप्प्यावर आलं की मागणी उत्पन्नापेक्षा वेगाने धावते, आणि श्रीमंत देशांत तो वेग पुन्हा मंदावतो. अर्थतज्ज्ञ रुडॉल्फ एन्झ यांनी २००० साली हा आलेख इंग्रजी ‘एस’ अक्षराच्या आकाराचा दाखवला.

मधल्या टप्प्यावरच उसळी का? हातात पैसा येतो, हे झालं अर्धं उत्तर. मला मोठं कारण वाटतं ते कमाईचं बदललेलं रूप. शेतकरी गेला तरी जमीन मागे उरते. नोकरदाराचा पगार त्याच्याबरोबरच जातो. शिवाय नोकरीसाठी घरं विभागली जातात आणि आधाराला धावून येणारे काका-मामा दूर राहतात. हप्ता भरून विकत घ्यायचा असतो, तो हाच हरवलेला आधार.

प्रश्न : आयुर्विमा हप्त्यांचं जीडीपीशी प्रमाण घटल्याची बातमी वाचली. लोक विमा सोडताहेत का?

तसंच असेल असं नाही. जीडीपी १० टक्क्यांनी आणि हप्ते ७ टक्क्यांनी वाढले, तर ५ टक्के असलेलं प्रमाण साधारण ४.८६ वर येतं. हप्ते मात्र वाढलेलेच असतात. दुसरी गंमत अशी, की लोक बचतीच्या पॉलिसीकडून निव्वळ मुदत विम्याकडे (मुदतीत मृत्यू झाला तरच रक्कम देणारा, म्हणून स्वस्त) वळले, तर संरक्षण वाढूनही हप्ते घटू शकतात. म्हणून या एका आकड्यावरून मी तरी निष्कर्ष काढत नाही.

प्रश्न : आमच्याकडे वाढीचा दर चांगला आहे, पण महागाईही तितकीच. विम्यावर कशाचा परिणाम जास्त?

महागाईचा, विशेषतः बचतीच्या विम्यावर. हप्ते आज भरायचे आणि ठरलेली रक्कम वीस वर्षांनी घ्यायची, असा हा सौदा. महागाई दरवर्षी १० टक्के राहिली, तर तेव्हाच्या एक लाखाची किंमत आजच्या सुमारे पंधरा हजारांइतकी उरते. ग्राहकाला गणित येत नसलं तरी हे कळतं. १९२३ च्या जर्मनीत तर आयुष्यभर हप्ते भरलेल्या पॉलिसींची रक्कम पावाच्या किमतीलाही पुरेनाशी झाली.

थॉर्स्टन बेक आणि इयान वेब या संशोधकांनी ६८ देशांची १९६१ ते २००० या काळातली आकडेवारी तपासली. उत्पन्न आणि बँकांचा विकास यांनी मागणी वाढते, महागाईने घटते, असं त्यांना आढळलं. शिक्षण आणि आयुर्मान यांचा ठाम संबंध मात्र दिसला नाही. मला हे पहिल्यांदा वाचताना खटकलं होतं. पण आयुर्मान वाढलं की अकाली मृत्यूची धास्ती कमी होते आणि म्हातारपणाच्या तरतुदीची गरज वाढते. दोन्ही परिणाम एकमेकांना खोडत असावेत.

प्रश्न : मंदीत लोक पॉलिसी मोडतात का?

मोडतात, नोकरी गेल्यावर आधी हप्ता थांबतो. पण व्याजदर चढले तरी पैसा बाहेर पडतो. १९८० च्या सुमारास अमेरिकेत बाजारातले व्याजदर दोन अंकी झाले होते, आणि जुन्या पॉलिसींवर त्याहून बऱ्याच कमी, करारात ठरलेल्या दराने कर्ज मिळत होतं. लोकांनी ते उचलून जास्त व्याजाच्या ठिकाणी गुंतवलं. यात गरज नव्हती, होता तो निव्वळ हिशेब.

प्रश्न : माझा पगार वाढला. एजंट म्हणतो, विमाही त्याच पटीत वाढवा.

पगाराची पट बाजूला ठेवा. वाढलेल्या पगाराबरोबर गृहकर्ज किंवा मूल आलं असेल, तर वाढवा. तुमच्यावर कोणी अवलंबून नसेल आणि कर्जही नसेल, तर एजंटला नम्रपणे नकार द्या.