वाचकांचे प्रश्न : ‘वापसी’चा अर्थ आधी ठरवावा, कोड नंतर लिहावा

प्रश्न : आमच्या परिसरातील केळी उत्पादकांच्या एका गटासाठी मी हिशेबाचे सॉफ्टवेअर सांभाळतो. मालाचे वजन आणि त्या दिवसाचा भाव भरला की शेतकऱ्याची पट्टी तयार होते. एकाच पट्टीवर नवती (नव्या लागवडीचा माल) आणि वापसी अशा दोन भावांची सोय हवी होती, म्हणून मी एआय एजंटला, म्हणजे सूचनेवरून स्वतःच फायली वाचून कोड लिहिणाऱ्या साधनाला, ‘पट्टीमध्ये वापसीची सोय कर’ एवढेच सांगितले. त्याने काही मिनिटांत अनेक फायली बदलल्या, चाचण्या लिहिल्या आणि त्या सगळ्या उत्तीर्णही झाल्या. परंतु ६० क्विंटल नवती १,५०० रुपयांच्या आणि ५ क्विंटल वापसी ७०० रुपयांच्या भावाने भरून पाहिली, तेव्हा पट्टी ९३,५०० रुपयांऐवजी ८६,५०० रुपयांची निघाली. चूक कोठे झाली, आणि पुढच्या वेळी कोड लिहिण्याआधी आराखडा कसा करावा?
— एक वाचक, फैजपूर (ता. यावल)

उत्तर : आपण आकडे दिले हे फार चांगले केले, कारण चूक त्यांतच दिसते. वापसीचे ३,५०० रुपये ९०,००० मध्ये मिळवायचे होते. एजंटने ते वजा केले. खानदेशातील केळीच्या व्यवहारात वापसी म्हणजे प्रतवारीत खालचा ठरलेला, कमी भावाने विकला जाणारा माल, हे रावेर-यावलकडच्या कोणत्याही शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. व्यापाराच्या सर्वसाधारण भाषेत मात्र वापसी म्हणजे परत आलेला माल, आणि परत आलेल्या मालाची रक्कम वजाच होते. एजंटने हाच अर्थ घेतला. चाचण्याही त्यानेच त्याच समजुतीवर लिहिल्या, त्यामुळे त्या उत्तीर्ण होण्याला काहीच अर्थ उरला नाही. प्रत्यक्षात हा हिशेब छापला गेला असता, तर एका शेतकऱ्याचे एका पट्टीत ७,००० रुपये बुडाले असते.

एजंट आपला सगळा कोड वाचू शकतो. मुनिमाच्या डोक्यातील व्यवहार वाचू शकत नाही. सूचनेत जागा रिकामी राहिली, तर तो बहुधा थांबत नाही, सर्वांत संभाव्य वाटणाऱ्या अर्थाने ती भरतो आणि त्या अर्थावर पुढचे सारे बांधकाम करतो. आराखड्यात हाच गैरसमज एका ओळीत दिसला असता आणि एका ओळीत दुरुस्त झाला असता. कोड झाल्यावर तोच अनेक फायलींतून शोधून काढावा लागतो.

म्हणून सुरुवात वाचनापासून करावी. क्लॉड कोडसारख्या साधनात आराखड्याची स्वतंत्र अवस्था असते. तीत एजंट फायली वाचतो, शोध घेतो, प्रश्न विचारतो, परंतु आपण मंजुरी देईपर्यंत कोडमध्ये बदल करत नाही. आपल्या साधनात अशी सोय नसेल, तर ‘या टप्प्यात एकही फाईल बदलू नये’ असे स्पष्ट लिहावे आणि त्याआधीचे काम गिटमध्ये (कोडच्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात) नोंदवून ठेवावे, कारण लिखित सूचना म्हणजे कुलूप नव्हे. सध्या पट्टीची रक्कम कोणत्या फाईलमध्ये आणि कोणत्या क्रमाने काढली जाते, उचल आणि हमाली कोठे वजा होते, हे त्याला आपल्या शब्दांत सांगायला लावावे आणि आपण ते पडताळावे. इथेच चूक सापडली, तर पुढे जाण्यात अर्थ नाही.

त्यानंतर एजंटला उत्तरे न मागता प्रश्न मागावेत, तेही एका वेळी एक. आपल्या कामात ते साधारण असे निघतील : भाव कापणीच्या दिवसाचा धरायचा की वजनाच्या? गाडी मध्यरात्रीनंतर काट्यावर गेली तर काय? जुन्या पट्ट्यांवर प्रत लिहिलेली नाही. त्या नवती समजायच्या की प्रत रिकामी ठेवायची? दिलेली पट्टी नंतर दुरुस्त करता येईल का, आणि आली तर मूळ आकडा जपायचा का? यांतील काहींची उत्तरे आपल्यालाही ठाऊक नसतील. ती अंदाजाने देऊ नयेत. वही हातात घेऊन मुनिमाजवळ बसावे. माझ्या मते या सगळ्या कामातला सर्वांत मोलाचा अर्धा तास हाच असतो, आणि तो कोणताही एजंट आपल्या वतीने घालवू शकत नाही.

मग आराखडा साध्या फाईलमध्ये लिहून कोडसोबतच ठेवावा. त्यात दोन गोष्टींवर विशेष भर द्यावा. पहिली गोष्ट म्हणजे हाताने सोडवलेली उदाहरणे. आपले ९३,५०० चे उदाहरण जसेच्या तसे लिहावे. शिवाय केवळ वापसी असलेली पट्टी, वापसी शून्य असलेली पट्टी आणि उचल रकमेपेक्षा जास्त असलेली पट्टी, अशी आणखी तीन लिहावीत. ही उत्तरे आपण किंवा मुनिमाने काढलेली असावीत आणि चाचण्या त्यांवरूनच लिहून घ्याव्यात. दुसरी गोष्ट म्हणजे काय करायचे नाही याची नोंद. ‘माल परतीच्या भागाला हात लावू नये, छापील पट्टीची मांडणी बदलू नये, पिलबागचा (खोडव्याच्या केळीचा) भाव या कामात घेऊ नये’ असे लिहिले नाही, तर एजंट उत्साहाने शेजारचे घरही रंगवून देतो आणि ते तपासण्याचा भार आपल्यावर पडतो. बाकी माहितीसाठ्यातील बदल आणि कामाचा क्रम थोडक्यात आला तरी चालतो.

आराखडा एजंटने लिहिला असेल, तर तो करारपत्रासारखा वाचावा. ‘आवश्यकतेनुसार बदल’, ‘योग्य ती पडताळणी’ अशा शब्दांआड न घेतलेला निर्णय लपलेला असतो. अशा प्रत्येक जागी नेमके काय ते विचारावे. आणखी एक आग्रह धरावासा वाटतो. कोडमधील नाव ‘रिटर्न’ असे भाषांतरित न करता रोमन अक्षरांत ‘वापसी’ असेच ठेवावे, कारण बाजारातला शब्द आणि कोडमधला शब्द एक असला की पुढच्या माणसाचाही गैरसमज टळतो. नवती, पिलबाग, वापसी, उचल यांचे अर्थ एजंट्स डॉट एमडी किंवा क्लॉड डॉट एमडी यांपैकी जी फाईल आपले साधन प्रत्येक वेळी आरंभी वाचते, तीत कायमचे लिहून ठेवावेत.

प्रत्यक्ष काम नव्या सत्रात सुरू करावे. लांबलेल्या संभाषणात आधी टाकून दिलेले पर्यायही एजंटसमोर राहतात आणि ते कोडमध्ये डोकावू शकतात. मंजूर आराखड्याची फाईल एवढेच त्याच्या हाती द्यावे. एक टप्पा झाला की तपासून गिटमध्ये नोंद करावी. मध्येच आराखडा चुकल्याचे लक्षात आले, तर कोडला ठिगळ न लावता आधी आराखडा दुरुस्त करावा. छापील पट्टीवरील एखादे शुद्धलेखन सुधारायचे असेल, तर अर्थातच यातले काही नको.

प्रश्न : आम्हाला महाविद्यालयात वॉटरफॉल पद्धत (सगळे आधी ठरवून एकामागून एक टप्पा पूर्ण करण्याची सॉफ्टवेअरची पद्धत) जुनी झाली असे शिकवले जाते. एजंटसाठी आधी आराखडा लिहिणे म्हणजे तिकडेच परत जाणे नव्हे का?
— एक विद्यार्थिनी, शिरपूर (जि. धुळे)

उत्तर : शंका रास्त आहे. ज्या लेखाशी ही पद्धत जोडली जाते, तो अमेरिकी संगणकतज्ज्ञ विन्स्टन रॉइस यांनी १९७० मध्ये लिहिला. त्यात टप्प्याटप्प्याची आकृती आहे, परंतु तशी सरळ अंमलबजावणी धोक्याची आहे असेही त्यांनी त्याच लेखात सांगितले आणि नव्या प्रकारच्या कामात आधी एक छोटी प्राथमिक आवृत्ती करून पाहावी असे सुचवले. जुन्या प्रकल्पांत संपूर्ण प्रणालीचा आराखडा अनेक महिने चाले आणि चूक शेवटी कळे. येथे आराखडा एकाच सुविधेचा असतो, तास-दोन तासांत होतो आणि त्याच दिवशी कोडशी ताडून पाहता येतो. २०२५ मध्ये आलेली गिटहबचे स्पेक किट आणि ॲमेझॉनचे किरो ही साधने याच क्रमाने चालतात : आधी अपेक्षा, मग रचना, मग कामांची यादी, आणि नंतर कोड.

रॉइस यांची सूचना आता फार स्वस्तात पाळता येते. काय हवे हेच स्पष्ट नसेल, तर एजंटकडून गिटच्या वेगळ्या शाखेत (मूळ कोडला धक्का न लावणाऱ्या प्रतीत) कच्चा नमुना करून घ्यावा, वापरणाऱ्याला दाखवावा, तो काय बोलतो ते टिपून घ्यावे आणि ती शाखा पुसून टाकून त्या टिपणावरून आराखडा लिहावा. चालणारा कोड पुसणे जिवावर येते, हे मी जाणतो. तरीही त्या नमुन्यालाच पुढे वाढवत नेऊ नये, कारण त्यातले निर्णय कोणी घेतलेलेच नसतात.