मॉरिशसमध्ये सगळेच बाहेरून आलेले, मग तिथली राष्ट्रीय ओळख कशावर उभी आहे? तिथले मराठी लोक स्वतःला भारतीय समजतात का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण ते सोपं आहे. नाही समजत. पणजोबा कोकणातले होते हे ते कौतुकाने सांगतील, घरचा गणपती दाखवतील, पण स्वतःला मॉरिशियनच म्हणतील. नोकरीमुळे मी काही वर्षं तिथे राहिलो, तेव्हा याला अपवाद भेटला नाही.

पहिला प्रश्न किचकट आहे. या बेटावर मूळ रहिवासी कोणी नव्हतेच. डच आले आणि कंटाळून गेले. 1715 पासून फ्रेंच, 1810 पासून इंग्रज. फ्रेंचांनी मादागास्कर आणि मोझांबिकहून गुलाम आणले. 1835 मध्ये गुलामगिरी संपली, पण उसाला मजूर हवेच होते, म्हणून 1834 पासूनच भारतातून गिरमिटिये, म्हणजे करारावरचे मजूर, येऊ लागले. पुढे जवळपास साडेचार लाख आले. बहुतेक भोजपुरी बोलणारे, त्यांच्याबरोबर तमिळ, तेलुगू आणि मुंबई बंदरातून निघालेले मराठी. व्यापारासाठी चिनी आणि गुजराती मुसलमानही आले.

1967 च्या निवडणुकीत सुमारे 44 टक्के मतं स्वातंत्र्याला विरोध करणाऱ्या बाजूला पडली होती. बहुसंख्य हिंदू आपल्याला गिळतील, ही भीती त्यामागे होती. 1968 च्या सुरुवातीला पोर्ट लुईसमध्ये दंगली झाल्या आणि मार्चमध्ये स्वातंत्र्य मिळालं. या भीतीवर उतारा म्हणून संविधानातच एक सोय ठेवली होती. 62 खासदार निवडून येतात, आणि ज्या समाजाला कमी जागा मिळाल्या त्याच्या पराभूत उमेदवारांपैकी पुढे असलेल्यांना जास्तीत जास्त 8 जागा दिल्या जातात. त्यासाठी उमेदवाराला अर्जात लिहावं लागतं: हिंदू, मुसलमान, चिनी-मॉरिशियन, की 'सर्वसाधारण लोकसंख्या'. आपले मराठी यात हिंदूंमध्ये मोजले जातात.

मला सगळ्यात खटकतो तो हा चौथा गट. पहिल्या तिघांत न बसणारे सगळे त्यात. म्हणजे ऊसमळ्यांच्या गोऱ्या मालकांचे वंशज आणि त्याच मळ्यांवर राबलेल्या गुलामांचे वंशज, कागदावर एकच समाज! फायदा कोणाचा होतो हे सांगायला नको. गुलामांच्या वंशजांना, म्हणजे क्रिओल समाजाला, ना भारतासारखं मागे कुठलं सरकार, ना शाळेत शिकवली जाणारी 'पूर्वजांची भाषा'. 1999 मध्ये काया हा क्रिओल गायक पोलीस कोठडीत मेला आणि बेट पेटलं, त्याचं मूळ बरंचसं इथे आहे.

गंमत म्हणजे 1972 नंतरच्या जनगणनेत समाज विचारलाच जात नाही, तरी जागावाटपाचा हिशेब त्याच जुन्या आकड्यांवर चालतो. 'आम्ही फक्त मॉरिशियन, कुठलाच समाज लिहिणार नाही' असं म्हणणाऱ्या रेझिस्तांस एक आल्तेर्नातिव्ह या पक्षाच्या उमेदवारांचे अर्ज फेटाळले गेले. ते संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीकडे गेले, आणि 2012 मध्ये समितीने त्यांची बाजू उचलून धरली. 2014 च्या निवडणुकीपुरती सूट मिळाली, तीही तात्पुरती.

समाज किती हळवे आहेत हे नोटांवरूनही कळतं. 1998 मध्ये नव्या नोटांवर तमिळ मजकूर हिंदीच्या खाली गेला, तेव्हा एवढा गदारोळ झाला की त्या नोटा मागे घ्याव्या लागल्या.

तरीही देश एकसंध का वाटतो? माझ्या मते सरकारी व्यवस्थेमुळे नाही, तर जिला सरकारने बरीच वर्षं दारात उभं केलं नाही त्या भाषेमुळे. 2011 च्या जनगणनेत 80 टक्क्यांहून जास्त लोकांनी घरची भाषा क्रिओल सांगितली. गुलामांच्या वस्त्यांत घडलेली ही बोली आज मराठी, चिनी, मुसलमान, गोरे सगळेच बोलतात. भांडण, प्रेम, बाजारातली घासाघीस, सगळं तिच्यात. पण संसदेची भाषा इंग्रजी, फार तर फ्रेंच. प्राथमिक शाळेत क्रिओल हा ऐच्छिक विषय झाला 2012 मध्ये. मराठी तिथे त्याच्या कितीतरी आधीपासून शिकवली जाते.

म्हणून 'मॉरिशसने कशी सगळ्यांची संस्कृती जपली' असं कौतुक ऐकलं की मी थोडा सावध होतो. गणेश चतुर्थीला तिथे देशभर सार्वजनिक सुट्टी असते, याचा मराठी माणूस म्हणून मला आनंदच आहे. 1 फेब्रुवारीला गुलामगिरी संपल्याची आणि 2 नोव्हेंबरला गिरमिटिये आल्याची सुट्टी असते, तेही योग्यच. पण आजवर बिगर-हिंदू पंतप्रधान एकच झाला, पॉल बेरांझे, तोही 2003 ते 2005 एवढाच आणि फ्रेंच वंशाचा. क्रिओल समाजातला एकही नाही.

तुम्ही तिथे जाणार असाल तर एकच सुचवतो: समोरच्याला 'तुम्ही मूळचे कुठले?' हे पहिल्याच भेटीत विचारू नका. 'कि मान्येर?' म्हणा, म्हणजे 'कसं काय?'. पुढचं बोलणं आपोआप सुरू होतं.