नास्तिक म्हणा, "मनाने आस्तिक" तेवढं म्हणू नका

मागच्या अंकात एका वाचकाने जाता जाता विचारलं होतं की देव न मानणाऱ्या माणसाला मराठीत नेमकं म्हणायचं काय, आणि मी दोन ओळीत उत्तर देऊन मोकळी झाले. ते बऱ्याच जणांना पटलेलं दिसत नाही, कारण यावेळची निम्मी पत्रं त्याच्यावरच आहेत. म्हणून हा महिना सगळा याच विषयाला. पत्रं थोडी कापलीत, राग नसावा.

प्रश्न : ताई, मी २९ वर्षांचा, घर सांगलीकडे, नोकरी पुण्यात. सध्या घरी स्थळं बघणं चालू आहे. बायोडेटात देवक, रास, नाडी सगळं आईने भरलं, मी खाली एक ओळ टाकली, 'मी नास्तिक आहे'. त्यावरून दोन दिवस घरात कुणी धड जेवलं नाही. आई म्हणते लोक वाचतील आणि म्हणतील पोरगा पितो. मामा म्हणतो 'फारसा धार्मिक नाही' असं लिही. पण मी 'फारसा' नाही असं नाहीये, मी अजिबातच नाहीये. काय लिहू?

उत्तर : आईवर चिडू नकोस. नास्तिक म्हटलं की बाटली दिसणं हे काही तिने शोधून काढलेलं नाही, ते फार जुनं दुखणं आहे. चार्वाक, म्हणजे देव-परलोक न मानणारे आपल्याकडचे जुने विचारवंत, म्हटलं की आपल्याला एकच ओळ आठवते, कर्ज काढा पण तूप प्या, आणि गंमत बघ, चार्वाकांचा स्वतःचा असा ग्रंथ आपल्यापर्यंत आलेलाच नाही, त्यांच्याबद्दल जे काही कळतं ते बहुतेक त्यांना खोडून काढायला बसलेल्यांनी लिहून ठेवलेलं. भाऊबंदकीच्या केसमधे समोरच्या पार्टीचं ऐकून माणूस कसा आहे ते ठरवावं, तसं झालं हे.

आणि शब्दाचंच म्हणशील तर त्यात मुळात देव नाहीच. पाणिनीचं सूत्र आहे, अस्ति नास्ति दिष्टं मतिः. 'आहे' असं ज्याला वाटतं तो आस्तिक, 'नाही' असं ज्याला वाटतं तो नास्तिक, आता काय आहे आणि काय नाही, तर टीकाकार सांगतात परलोक. मनुस्मृतीत आलं की तोच नास्तिक वेदाची निंदा करणारा होतो. म्हणून जगाचा कर्ता ईश्वर न मानणारे जुने सांख्य आणि मीमांसक, म्हणजे त्या त्या दर्शनाचे लोक, खुशाल आस्तिकांच्या पंगतीला, कारण त्यांनी वेद मानले, आणि जैन बौद्ध पंगतीच्या बाहेर. म्हणजे ईश्वर न मानताही आस्तिक राहता येत होतं! हे सगळं आईला ऐकवू नकोस, उपयोग नाही, तुझ्यासाठी सांगितलं.

बायोडेटाचं बघू. 'नास्तिक' खोटं नाही पण त्यातून मुलीला काही कळत पण नाही. तिला कळायला हवंय ते वेगळंच, सत्यनारायणाला जोडीने बसशील का, घरात देव्हारा आला तर तोंड वाकडं करशील का, तिने चतुर्थी धरली तर टोमणे मारशील का, उद्या पोराच्या बारशाला काय करायचं. आपल्याकडे देव मानतोस का असं सरळ कुणी विचारतच नाही, आरतीला उभा राहतोस का एवढंच बघतात. तर तेच लिही ना, 'पूजाअर्चा करत नाही, पत्रिका बघत नाही, करणाऱ्याला अडवत नाही'. शेवटचं खरं असेल तरच लिही हां. आणि रास नाडी त्याच कागदावर ठेवून खाली नास्तिक लिहिलंस, ते आधी काढ बाबा. मामाचा 'फारसा' मात्र घेऊ नको. तो शब्द लग्न लागेपर्यंत पुरतो आणि पहिल्या गौरीगणपतीला उघडा पडतो.

प्रश्न : माझा मुलगा बारावीत आहे. तो म्हणतो मी नास्तिक नाही, मी अज्ञेयवादी आहे. मला तर नीट म्हणता पण येत नाही. हे काय नवीन?

उत्तर : आधी 'ज्ञेय' म्हणा, मग पुढे 'अ' लावा, जमतं. नवीन म्हणाल तर १८६९ सालचं आहे, इंग्लंडात थॉमस हक्स्ले नावाचे शास्त्रज्ञ होते, डार्विनची बाजू घेऊन भांडणारे, त्यांनी इंग्रजीतला ॲग्नॉस्टिक शब्द बनवला आणि अज्ञेयवादी हे त्याचंच मराठी. का बनवला ते मोठं मजेशीर आहे. ते ज्या मंडळात चर्चेला जायचे तिथे जो तो कुठला ना कुठला 'वादी' होता, आणि यांच्याकडे अंग झाकायला लेबलाची चिंधीसुद्धा नव्हती, शेपूट तुटलेल्या कोल्ह्यासारखं वाटायचं, हे त्यांनीच नंतर लिहिलंय. म्हणून एक शेपूट तयार करून लावलं. तुमच्या मुलाचंही असंच असणार, कॉलेजच्या वयात सगळ्यांना शेपटं हवी असतात.

फरक एवढाच, नास्तिक म्हणतो देव आहे असं मला वाटत नाही, अज्ञेयवादी म्हणतो ही गोष्ट माणसाला कळण्यातलीच नाही, उगाच ठामपणा कशाला. आपल्या आगरकरांना पुष्कळ जण याच खान्यात टाकतात. घरात कुणीतरी त्याला 'संशयात्मा विनश्यति' ऐकवेलच, गीतेतली ही एक ओळ अशा वेळी सगळ्यांना बरोबर पाठ असते. ऐकवू दे, पण तुम्ही नका ऐकवू.

प्रश्न : मी गेली पंधरा वर्षं अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम करते, शाळाशाळांतून चमत्कारांचे प्रयोग दाखवते. आणि मी माळकरी आहे, विठ्ठलाला मानते, जमेल तेव्हा वारीत चालते. गावात मला नास्तिक म्हणतात आणि आमच्यातले एकदोन तरुण कार्यकर्ते माळ बघून हसतात. मी नक्की कोण?

उत्तर : तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. दोन्हीकडून बोलणी खाणं सोपं नाही.

गावातल्यांसाठी आधी. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी १९८९ मधे महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती उभी केली तेव्हापासून ते हेच सांगत आले की देवाधर्माबद्दल समितीची भूमिका तटस्थ आहे, विरोध आहे तो देवाच्या नावाने होणाऱ्या शोषणाला. ते स्वतः देव मानत नव्हते पण समितीत यायला नास्तिक असण्याची अट कधीच नव्हती. त्यांचा आवडता शब्द विवेक. तरी त्यांना आयुष्यभर धर्मद्रोही म्हणून घ्यावं लागलं आणि २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात सकाळी फिरायला गेलेले असताना गोळ्या घालून मारलं. जादूटोणा विरोधी कायदा त्याच वर्षी आला, आणि हा कायदा आला तर वारी बंद होईल अशी जी आवई कित्येक वर्षं उठत होती तिचं काय झालं, तर वारी, कीर्तन, हरिपाठ, भजन यांना हा कायदा लागू नाही असं त्या कायद्यातच लिहून ठेवलंय. पुढच्या वेळी कुणी नास्तिक म्हटलं की हे सांगा, माळ हातात धरून सांगा.

आणि त्या तरुण पोरांना विचारा की जोतीराव फुल्यांचं काय करायचं. त्यांनाही लोक सरसकट नास्तिकांत बसवतात, पण जोतीरावांचा 'निर्मिक' होता, सगळ्यांना घडवणारा एकच, मधे भट दलाल नको एवढंच. १८७३ मधे सत्यशोधक समाज काढला त्याच्या नावात 'सत्यशोधक' आहे, 'देव नाही' असं नाही. मला विचाराल तर मराठीत या बाबतीत झालेला सगळ्यात देखणा शब्द तो. दुसऱ्याचं काय खोटं आहे हे न सांगता मी काय करतोय ते सांगतो.

तुम्ही कोण? माळकरी आणि कार्यकर्ती. दोन्ही लिहा.

प्रश्न : फॅमिली ग्रुपवर मला 'फुरोगामी', 'सिक्युलर' असं म्हणतात. मी फक्त एवढंच लिहिलं होतं की हळदीच्या दुधाने कॅन्सर बरा होत नाही.

उत्तर : होत नाहीच. या शब्दांचा देव मानण्या न मानण्याशी काही संबंध नाही, ती राजकारणातली चिखलफेक आहे. सावरकरही विज्ञाननिष्ठाच म्हणायचे, गाय हा उपयुक्त पशू आहे म्हणायचे, त्यांना फुरोगामी म्हणून दाखवा म्हणावं. नाहीतर ग्रुप म्यूट करा, मी दोन केलेत.

प्रश्न : मुलीला शाळेत घालायचंय. फॉर्मवर 'धर्म' असा रकाना आहे. आम्ही दोघंही काही मानत नाही. नास्तिक लिहायचं, निधर्मी लिहायचं, की रिकामा सोडायचा? क्लार्क म्हणतो रिकामा चालत नाही.

उत्तर : मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१४ मधे सांगितलंय की मला कुठलाही धर्म नाही असं म्हणायचा नागरिकाला अधिकार आहे आणि सरकार कुणाला धर्म सांगायची सक्ती करू शकत नाही. गंमत म्हणजे ती याचिका नास्तिकांची नव्हती! येशू ख्रिस्ताला मानणारी माणसं होती, येशू हवा पण ख्रिश्चन धर्माचा शिक्का नको म्हणत होती. तेव्हा 'धर्म नाही' असं लिहा, स्वच्छ अक्षरात. रिकामं सोडलं तर मागून कुणीतरी आडनाव बघून भरून टाकतो.

पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, तुम्ही काहीही लिहा, लग्न वारसा वगैरे बाबतीत कायदा जन्मावरूनच बघतो. हिंदू विवाह कायद्यात तर जो मुसलमान, ख्रिश्चन, पारशी, ज्यू नाही त्याला हिंदूंचाच कायदा अशी सोय आहे, देव मानतो का असं विचारतच नाहीत. दोन, पुढे जातीचा दाखला लागणार असेल तर जातीच्या रकान्याबद्दल आधी वकिलाला विचारा, तत्त्वापायी मुलीचं नुकसान नको.

निधर्मी नका लिहू. आपल्याकडे तो शब्द 'काही धरबंध नाही' असा ऐकू येतो. आणि एकट्या पडलात असं वाटून घेऊ नका, २०११ च्या जनगणनेत साधारण २९ लाख लोकांनी धर्म सांगितलाच नाही आणि नास्तिक अशी स्पष्ट नोंद असलेले होते साधारण ३३ हजार, त्यात सगळ्यात जास्त आपल्या महाराष्ट्रातले. अर्थात घरी येणारा मास्तर न विचारताच काय लिहून जातो ते आपण सगळ्यांनी बघितलंय, त्यामुळे या आकड्यांवर माझा फार भरवसा नाही.

प्रश्न : तुम्ही स्वतः काय म्हणवता ते एकदा सांगा की. दरवेळी गोल गोल उत्तर देता.

उत्तर : बरं. नास्तिक म्हटलेलं मला चालतं. पूर्वी झोंबायचं, आता नाही. गर्विष्ठ म्हणतात तेही ऐकून घेते, भगतसिंगांनाही तुरुंगात हेच ऐकवलं होतं की नाव झालं म्हणून डोक्यात हवा गेली आणि देव सुटला, त्याला २३ व्या वर्षी त्यांनी जे सविस्तर उत्तर लिहिलं, 'मी नास्तिक का आहे', ते एकदा वाचाच.

मला चालत नाही ते दुसरंच. कुणाच्या आजारपणात चार रात्री दवाखान्यात बसले की लोक डोळ्यात पाणी आणून म्हणतात, तुम्ही वरवर म्हणता हो, मनाने तुम्ही आस्तिकच आहात, आमच्यापेक्षा जास्त देव तुमच्यात आहे. प्रेमाने म्हणतात, कळतं मला. आगरकरांना नाही का म्हणत, देव न मानणारा देवमाणूस. ज्या माणसाची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली त्याचं कौतुक करायला शेवटी देवच लागला आपल्याला, साधा 'माणूस' पुरला नाही. शिवी परवडली कारण शिवी देणाऱ्याने निदान माझं म्हणणं ऐकलेलं असतं.

माझ्या सासूबाई सोवळ्यातल्या. लग्नानंतर पहिल्याच वर्षी हळदीकुंकवाला शेजारणी विचारायला लागल्या, सूनबाई देवघरात दिसत नाहीत ते. मी आत कान देऊन उभी. सासूबाई वाण देता देता म्हणाल्या, "तिला नाही आवडत देवाचं. कारलंही नाही आवडत." आणि पुढच्या बाईच्या कपाळाला कुंकू लावायला वळल्या. पुढे तीस वर्षं एकत्र राहिलो, मी फुलं आणून ठेवायचे, त्या वाहायच्या, मला दुसरं लेबल लावायची वेळ त्यांच्यावर आली नाही.

(कारलं आता खाते.)